उरलेला एक गुण

दहावीच्या विज्ञानाचे सगळे पेपर तपासून झाले आणि टेबलावर एक गुण शिल्लक राहिला.

हरभऱ्याच्या डाळीएवढा, लाल, हात लावला तर किंचित गरम. गठ्ठा बांधताना तो माझ्या ओढणीवर पडला, तेव्हा पाल समजून मी खुर्चीसकट मागे सरकले. पाल नव्हती. ‘एक’ हा आकडाही नव्हता. गुणच होता. शिक्षकी पेशात असलं की ओळखू येतो.

आम्ही तपासलेलं पुन्हा तपासणारे नियामक म्हणजे सोनटक्के सर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

“कुणाचा पडला?”

“माहीत नाही, सर.”

“हलगर्जीपणा आहे हा, वंजारे मॅडम. आधी पंखा बंद करा. आणि तुमचा डबा रिकामा असेल तर तो पालथा घाला त्याच्यावर.”

उकाड्यात बसून आम्ही सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. डब्याखाली गुण मधूनमधून टकटक करत होता.

“नव्व्याण्णववाल्याला देऊन टाकू,” सर म्हणाले. “शंभर झाले की चौकात फ्लेक्स लागतो. शाळेचं नाव होतं.”

“सर, चौतीसवरही एकजण आहे.” माझा आवाज उगाचच वर गेला. “पस्तीसला पास. कुणाचं तरी वर्ष जाईल.”

“म्हणून द्यायचा? दया वेगळी, गुण वेगळा. ज्याचा असेल त्याला.”

“मग नव्व्याण्णववाल्याचा कशावरून?”

सरांनी रुमालाने मान पुसली. शेवटी गुणालाच विचारायचं ठरलं. मोठ्या टेबलावर पेपर उघडून मांडले आणि मी डबा उचलला.

गुण निघाला. नव्व्याण्णवच्या पेपरवरून तो न थांबता पुढे गेला. सरांनी पट्टीने त्याला हळूच मागे लोटलं. पट्टीला वळसा घालून तो पुन्हा पुढे.

“सर!”

“मुंगी होती,” सर म्हणाले.

चौतीसच्या पेपरवर पोचून गुण एका खोडलेल्या ओळीवर बसला. प्रश्न होता, तांब्याची भांडी काही दिवसांनी हिरवी का पडतात? हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे थर चढतो, असं आधी लिहिलेलं. ते दोन रेघांनी खोडून खाली लिहिलं होतं, ‘आईला घासायला वेळ नसतो म्हणून.’

“खोडलेलं उत्तर तपासायचं नाही,” सर म्हणाले. “नियम आहे.”

“आपण कुठे तपासलं? हा स्वतःहून बसलाय.”

सरांनी विभागीय कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“रेघेवर बसलाय की रेघेच्या बाजूला?”

“अगदी वर, साहेब.”

“मग तो उत्तराला मिळालाय, उमेदवाराला नाही. उमेदवाराने ते उत्तर नाकारलेलं आहे. परत स्वीकारणार का, विचारा. मात्र पेपरात आता एक टिंबही वाढवायचं नाही.”

“मग स्वीकारलं तर गुण द्यायचा कसा?”

“गुणपत्रिकेवर चौतीसच ठेवा. हा सोबत पाठवा.”

दुसऱ्या दिवशी उमेदवार आली. तेजल खरात. दारातच चप्पल काढून उभी राहिली. मागे तिची आई, अलकाताई, शिवणकाम करणाऱ्या, गळ्यात मोजपट्टी तशीच.

सरांनी पेपर पुढे केला. तेजलच्या आधी आईने वाचला.

“मला वेळ नसतो? अगं, अख्ख्या बोर्डाला सांगितलंस? आणि घरात तांब्याचं भांडं तरी आहे का आपल्या?”

“आई, थांब ना.”

“हे वरचं उत्तर का खोडलंस?” सरांनी विचारलं.

“पर्यवेक्षक मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. आणि ‘च्च’ म्हणाल्या.”

“मच्छर चावला असेल त्यांना,” मी म्हणाले.

“हो? बरोबर होतं ते?”

“बरोबर होतं.”

“पोरी, घे तो गुण आणि चल,” अलकाताई म्हणाल्या. “नाहीतर उद्यापासून तू पण मशीनवर. काजं करायला बसवीन, सांगून ठेवते.”

तेजलने हात पुढे केला नाही. गुण ओळीवरून उठून टेबलाच्या कडेपर्यंत आला होता.

“सर, पण बाकीच्यांनीही बरोबर उत्तरं खोडली असतील. त्यांचे गुण कुठंयत?”

“शहाणीच आहे!” आई पुटपुटली.

पण प्रश्न रास्त होता. सर वाकले, मीही वाकले. टेबलाखाली, कपाटामागे, गठ्ठ्यांच्या गोणपाटात, सगळीकडे पाहिलं. मी तर पंख्याच्या पातीवरूनही हात फिरवला आणि धूळ डोळ्यांत घेतली. एकही नव्हता.

“एवढाच आहे,” सर गुडघे झटकत म्हणाले. “दुसरे निघाले तर त्यांनाही बोलावू. आता सांग, उत्तर स्वीकारतेस?”

तेजलने ती ओळ एकदा नीट वाचली. ओठ हलवत, रेघांखालचा शब्द न् शब्द.

“स्वीकारते. माझंच आहे.”

तिने तळहात टेबलाला लावला. गुण चढला.

अकरावीच्या प्रवेशाला मी साक्षीदार म्हणून सोबत गेले. खिडकीतल्या क्लार्कने गुणपत्रिका पाहिली.

“चौतीस. नापास.”

“आणि एक सोबत आहे,” तेजल म्हणाली आणि बटणांच्या डबीचं झाकण उघडलं.

क्लार्क वाकून बघत राहिला.

“झेरॉक्स?”

अलकाताईंनी कागद दिला. पांढऱ्या पानावर मधोमध एक ठिपका.

“मूळ गुण पडताळणीनंतर परत न्यायचा. इथे हरवला तर कॉलेज जबाबदार नाही.” त्याने अर्जावर शिक्का मारला, ‘पात्र’ लिहिलं आणि पेन थांबवलं. “बाक दोघांना मिळून एकच लागेल ना?”

“एकच,” अलकाताई म्हणाल्या. “बारीक आहे तो.”

क्लार्कने वेळापत्रक खिडकीतून सरकवलं. मग डबीकडे वाकून, जरा मोठ्याने म्हणाला, “शनिवारी सकाळचं कॉलेज असतं. उशीर चालणार नाही.”