फिरती रिबन

गजेंद्रचे हात थरथरत होते.

अकोल्याच्या त्या छोट्या सभागृहात पहिल्या रांगेत, अगदी मधोमध खुशालराव बसले होते. त्याचे बाबा. दर्यापूरच्या बी-बियाण्याच्या दुकानाला कुलूप लावून आले होते आणि येतानाच बजावलं होतं, "एकडाव पायतो तुह्यं गिटार. जमलं तं ठीक. नाही तं उद्यापासून दुकानात बसाचं."

स्टेजवर गजेंद्र एकटाच. एक इलेक्ट्रिक गिटार आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन जुने टेपरेकॉर्डर. दोन्हींमधून टेपचं एक लांब कडं फिरत होतं. पहिलं यंत्र माइकमधून ऐकणार, दुसरं तेच परत परत म्हणणार. म्हणजे माणूस एक, गिटारी दहा. आणि चुकलं, तर चूकही दहादा! दुसऱ्या यंत्राचा आवाज बंद करून, टेप तशीच चालू ठेवून तो पाणी प्यायला विंगेत गेला.

टक.

गजेंद्रचे हात थरथरत होते. अर्धं पाणी शर्टावर.

तेवढ्यात आयोजक सीमाताई स्टेजवर आल्या. प्रमुख पाहुणे चांदूर रेल्वे गावाहून निघालेच नव्हते आणि उद्घाटनाशिवाय कार्यक्रम सुरू करणं ताईंच्या रक्तात नव्हतं. टेबलावर त्यांना गजेंद्रची टेप कापायची कैची दिसली, समोर ताणलेली चकचकीत पट्टी दिसली. पोराने सगळी तयारी करून ठेवलीय असं समजून त्यांनी कैची कुंकवाच्या ताटात ठेवली आणि कलाकाराच्या वडिलांनाच हाताला धरून वर आणलं.

"ताई, रिबन फिरून राहिली हो!"

"नवीन फॅशन असन, काकाजी. कापा तुमी."

खुशालराव माइकजवळ वाकून ताईंच्या कानात काहीतरी पुटपुटले. गजेंद्र विंगेतून धावत सुटला.

कच्.

टेप शेवयांसारखी खाली पडली. टाळ्यांचा कडकडाट.

"बाबा, ते टेप होती!"

"मंग रिबन कुठी हाय?"

"रिबन नोतीच!"

"मंग कैची कायले ठेवली बे ताटात?"

गजेंद्र टेपची तुटलेली टोकं शोधायला खाली बसला.

टक.

गजेंद्रचे हात थरथरत होते. पुष्पगुच्छाची चिकटपट्टी सोलून त्याने टेप जोडली. सांधा जाड झाला, यंत्रातून जाताना वाजायला लागला. डोळ्यांपुढे दुकानातली पोती, तराजू, फवारणीच्या औषधांचे डबे. जोड टिकतो का बघावं म्हणून त्याने दुसऱ्या यंत्राचा आवाज वाढवला.

टक. "सीमाबाई, मले भाषण कराले नोको लावू. पाय लटपटून राहिले माहे. मी लय भेतो."

टक. "सीमाबाई, मले भाषण..."

ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने गिऱ्हाईक घासाघीस सोडून द्यायचं, ते खुशालराव स्वतःचाच आवाज ऐकून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत घसरत चालले होते. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"बंद कर बे ते!"

गजेंद्रचं बोट बटणावर गेलं. आणि तिथेच थांबलं. बाबा भेतात? बाबा?

त्याने हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता.

तो "टक" बरोबर ठेक्यात पडत होता. त्याने त्याखाली जाड तार छेडली. मग दुसरी. बाबांच्या भीतीभोवती गिटार चढत गेली, आणि शेवटी सगळं सभागृह टाळ्या देत म्हणायला लागलं, "मी लय भेतो!"

टक.

परतीच्या गाडीत गजेंद्रने स्वतःच विषय काढला.

"बाबा, उद्या दुकानात किती वाजता येऊ?"

"दुकान मी पायतो. अमरावतीले कार्यक्रम कधी हाय तुह्या?"

"पुढच्या महिन्यात. काहून?"

खुशालरावांनी खिशातून ताटातली कैची काढली आणि धोतराच्या सोग्याला तिचं कुंकू पुसलं.

"तिथल्या लोकायले आदीच सांगून ठेवजो. भाषण-गिषण काही नाही. मी नुसता कापाले येतो."

गजेंद्रचे हात थरथरायला लागले.