दोन बोटं वर

वेदिकाला वाकडं काही बघवत नसे. नाशिकहून रोज सिन्नरला येऊन रंगनाथभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात काम करायला लागून तिला जेमतेम चार दिवस झाले होते. नोकरी टिकली नाही तर स्थळं बघायची, असं घरी ठरलेलंच होतं. सोमवारी तिने जत्रेच्या बॅनरची फाईल उघडली, तर यात्रा कमिटीच्या सात जणांची नावं फोटोंखाली वरखाली लटकलेली. तिने सातही नावं एकदम निवडली, एक बटण दाबलं आणि सगळी नावं तळाच्या पिवळ्या पट्टीला टेकवून एका ओळीत उभी केली. बॅनर छापून गेला आणि गावाच्या वेशीवर चढलाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मोबाईलवर त्याचा फोटो पाहिला आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"नावं कोणी हलवली?"

"मी, भाऊ. वाकडी होती."

"वाकडी नव्हती गं, मानाप्रमाणे होती! अध्यक्ष पुंजाराम दीड तास माझ्या शेजारी बसून एकेक नाव लावून गेले. अध्यक्ष सगळ्यात वर, उपाध्यक्ष एक बोट खाली, मग बाकीचे उतरत. मागच्या साली उपाध्यक्षांचं नाव अर्धं बोट जास्त उतरलं, तर ती काच बघ!"

वेदिकाने दाराकडे पाहिलं. दोनातली एक काच अगदी नवी होती. आता स्थळंच बघायची, तिला वाटलं.

दुपारी दुकानासमोर जीप थांबली. तिच्यातून कमिटीचे सातही जण उतरले. भाऊ "शाई बघतो" म्हणत मशीनमागे गेले, ते तिथेच राहिले.

"ओळ सरळ कोणी केली?" पुंजारामांनी दारातूनच विचारलं.

"मी... काका." तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"यंदा वेशीवर भांडण नाय झालं," पुंजाराम म्हणाले. "कोण कोणाच्या खाली, तेच कुणाला दाखवता येईना. लय बरं झालं. देवळासमोर दुसरा लावायचाय. असाच कर."

सगळे समोर चहाला गेले. वेदिकाचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पुंजाराम टोपी विसरली म्हणून परत आले. टोपी डोक्यावरच होती.

"पोरी, माझं नाव तेवढं पट्टीपासून दोन बोटं वर घे. पण कोणाला बोलू नको."

मग उपाध्यक्ष चष्मा शोधायला आले. त्यांनाही दोन बोटंच हवी होती, आणि तीही गुपचूप. चहा संपेपर्यंत सातही जण येऊन गेले.

"आता दुसरी काचही गेली," भाऊ मशीनमागून म्हणाले. "एकाला वर घेतलं, की सहा जण खाली!"

वेदिकाने सातही नावं पुन्हा एकदम निवडली आणि सगळी मिळून दोन बोटं वर सरकवली.

संध्याकाळी सातही जण बॅनर न्यायला आले. वेदिकाने तो फरशीवर पसरला.

पुंजाराम खाली वाकले. बॅनरची चुणी सारखी करत असल्यासारखं दाखवत त्यांनी आपल्या नावाखाली हळूच दोन बोटं ठेवली. बरोबर मावली. मग त्यांनी शेजारच्या नावाकडे पाहिलं, त्याच्या पलीकडच्या नावाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ओळ सरळच हाय ना, अध्यक्ष?" मागून कोणीतरी विचारलं.

"सरळच हाय की!" पुंजाराम घाईघाईने उठत म्हणाले. "सरळच तर सांगितली व्हती."

मग चुणी सारखी करायला उपाध्यक्ष वाकले.