रंगनाथकाकांचा खडा पडला

आमच्या वरच्या मजल्यावरचे रंगनाथकाका भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. "काय बाई, लघवी साफ होऊन राह्यली ना?" असं विचारतात. तेही जिन्यावरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. जुन्या जालन्यातली आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातला माणूससुद्धा आपल्यालाच विचारलं समजून उत्तर देतो. मी शाळेत शिकवते. सकाळी माझ्या मागे-पुढे दप्तरं घेतलेली पोरं चालत असतात. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण उत्तर घेतल्याशिवाय काका वाट सोडत नाहीत.

"हो काका, होते साफ."

"रंग?"

रंगाच्या प्रश्नाला मी आजवर कधीच उत्तर दिलेलं नाही.

काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीचा सगळा काळ कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडण्यात आणि बंद करण्यात गेला. त्यामुळे माणसाचं शरीरही त्यांना कालव्यासारखंच दिसतं. वर धरण, खाली चारी, शेवटी शेत. "पानी सुटलं पाहिजे, वाह्यलं पाहिजे, टेलच्या शेताला पोचलं पाहिजे. बस! दवाखान्याचा खर्चा कशाला?" एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि हा माणूस गल्लीला सांगतो की घटाघटा पीत राहा. माझ्या सासूबाई म्हणतात, "आधी नळ सोडायला लावा, मंग मला शिकवा."

एकदा न विचारता त्यांनी आमच्या तुळशीशेजारच्या कुंडीत पानफुटी लावून टाकली. मुतखड्यावर रामबाण म्हणे. मी सांगितलं, आमच्या घरात कोणालाच मुतखडा नाही.

"होईल की," काकांनी धीर दिला.

माझ्या नणंदेला पाहायला परतूरहून पाहुणे आले, तेव्हा तर हद्द झाली. पोह्यांच्या बशा फिरत होत्या, तेवढ्यात काका खाली उतरले, मुलाच्या वडिलांना खेटून बसले आणि त्यांनी सरळ लघवीच्या धारेची चौकशी सुरू केली. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, गेलं स्थळ हातचं. पण त्या गृहस्थांना खरोखरच तो त्रास होता, आणि घरात कोणापाशी बोलायची सोय नव्हती. दोघं गच्चीवर जाऊन बराच वेळ गुजगोष्टी करत बसले. लग्न ठरलं. व्याही अजूनही जालन्याला आले की आधी वर जातात, मग आमच्याकडे.

हे सगळं वेड काकांना स्वतःच्या दुखण्यावरून लागलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर कधीतरी त्यांच्या कमरेत पहिली कळ उठली. गेल्या दिवाळीनंतर ती पुन्हा आली, आणि यावेळी जोरात आली. जिन्यात भिंतीला पाठ दाबून उभे असलेले दिसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "खडा चारीत अडकून राह्यला, बाई. सोनोग्राफी झाली. डॉक्टरनं परत बोलवलंय. जातो की, जल्दी काय हाय?"

आणि एके दिवशी हातात पेढ्यांचा पुडा घेऊन काका दारात उभे!

"गेट खुललं! खडा पडला!"

"कुठाय? दाखवा की," सासूबाई म्हणाल्या.

"चुरा होऊन गेला हो."

"मंग पडला हे कळलं कसं?"

"दुखायचं बिलकुल थांबलं ना!"

सासूबाईंना हे पटलं नाही, पण पेढा पटला. काका त्या दिवशी गल्लीतल्या घराघरांत गेले, प्रत्येक ठिकाणी टेकले, चहा प्यायले. मुतखड्याचं बारसं करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मग एप्रिल आला. दोन दिवस जिन्यात कोणी माझ्या लघवीची चौकशी केली नाही. सुटले असं वाटायला हवं होतं, पण चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. शाळा सकाळची होती. घरी आल्यावर मी वर गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि काका दोन गोधड्या घेऊन कुडकुडत पडले होते. हात लावला तर अंग भाजत होतं.

"थंडी भरून आल्ती जरा. जाईल," ते म्हणाले.

मी ऐकलं नाही. रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंटसोबत कोण हाय?"

"येऊन राह्यलेत," काका म्हणाले.

मी त्यांचा दंड धरून शेजारीच उभी होते.

त्या बाईंनी वर पाहिलं. "काका, मागं पण तुम्ही असंच म्हणले होते. ॲडमिट व्हायला आल्ते. सोबत माणूस लागतो म्हणलं, तर येऊन राह्यलेत म्हणून त्या बाकड्यावर बसले. दुपारपर्यंत बसले. जेवून येऊन बघते तर तुम्ही न्हाई."

काका खाली बघत म्हणाले, "तिथं बसल्या बसल्या दुखायचं थांबलं. वाटलं, पडला खडा. आता कशाला कोणाला तकलीफ? येताना पेढे घेतले."

खडा पडला नव्हता. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी ते सांगितलं. किडनीतून खाली येणाऱ्या नळीत तो अडकूनच बसला होता. वर लघवी तुंबत गेली, नळी फुगली, किडनी फुगली आणि त्या दाबानं आतलं मांस झिजत गेलं. दुखायचं थांबलं ते बरं झालं म्हणून नव्हे, तर किडनीनं कामच कमी केलं म्हणून. आता आत पू झाला होता. पाठीतून नळी घालून तो ताबडतोब काढायचा, नाहीतर जिवावर बेतेल. किडनी किती वाचली ते नंतर कळेल. झिजलं ते परत येत नाही.

तुंबलेल्या पाण्यानं काय होतं हे काकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला मात्र रडू येत होतं आणि संतापही येत होता. अख्ख्या गल्लीची लघवी विचारणाऱ्या माणसाला त्या गल्लीत एक माणूस मागता आला नाही.

"मी आहे सोबत. माझं नाव लिहा," मी काउंटरवर सांगितलं.

काका घाबरले. "बाई, उद्या तुमची शाळा हाय. घरी सासूबाई वाट बघत असतील..."

"काका, गप बसा."

त्यांना आत नेलं. मी बाहेर बसून राहिले. बाहेर आणलं तेव्हा ते गुंगीत होते. ऊन उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही गेल्या न्हाईत?"

"नाही काका. इथंच बसलेय."

त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"मंग सांगतो," ते म्हणाले. "लई दुखून राह्यलं, बाई."