गाडीने लावलेला फोन

न्याहारीला बसलेल्या स्वेर्रे होवलान्दने पावाच्या चकतीवर तपकिरी चीज ठेवलं, आणि ते खायचं सोडून तो खिडकीतून अंगणात बघत राहिला. अंगणात त्याची विजेवरची गाडी चार्जरला लावलेली होती.

"उठली का ती?" गुनवोरने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं.

"अपडेट चाललंय. अजून बारा मिनिटं."

"माझी कंबर आठवडाभर धरली होती तेव्हा एवढं निरखून पाहिलं नव्हतंस."

स्वेर्रे गेल्या वर्षी गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला होता. जन्मभर खडखडणाऱ्या डिझेल गाड्या चालवल्यावर त्याने ही महागडी गाडी घेतली. तिच्या खुर्च्या पाठ चेपून देत आणि तिचा पडदा वर्गातल्या फळ्याशी स्पर्धा करी. आज सकाळी त्या पडद्याने त्याला दोन गोष्टी देऊ केल्या होत्या, जास्त शक्ती आणि जास्त संपर्क. खाली अटी होत्या, सेहेचाळीस पानांच्या. 'सही करण्याआधी वाचा' हे तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडलेल्या माणसाने बोट सर्रकन खाली ओढलं आणि 'मान्य' दाबलं.

"शक्ती कशाला रे तुला?" गुनवोर म्हणाली. "साठच्या वर गेलास की बोगद्यातला कॅमेरा फोटो काढतो. आणि तुझा एक फोटो धड येत नाही."

"शक्ती असावी. वापरलीच पाहिजे असं नाही."

"आणि संपर्क? तू घरातल्या घरात हाकेला ओ देत नाहीस!"

स्वेर्रेने पाव खाल्ला.

काम साधं होतं. ईस्टर उलटून गेला होता, रस्त्यावरचा बर्फ संपला होता, तेव्हा हिवाळ्याचे खिळेवाले टायर काढून साधे बसवायचे. टायरवाल्याचं दुकान फ्योर्डच्या खाडीपलीकडे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यालगतच होतं आणि त्याने अकराची वेळ दिली होती. गुनवोर तिच्या गायनमंडळाच्या तालमीला गेली आणि स्वेर्रे गाडीत बसला.

"सुप्रभात, स्वेर्रे," गाडी म्हणाली. कालपर्यंत ती नुसती टिंग वाजवायची. आज तिला बाईचा आवाज फुटला होता, तोही राजधानीकडचा, स्वच्छ आणि उत्साही. "तुमचे संपर्क, संदेश आणि कॅलेंडर मी जोडून घेतले आहेत. आता तुम्हाला कशाकडेच लक्ष द्यावं लागणार नाही."

स्वेर्रेला ते आवडलं. धक्क्याच्या वळणापर्यंत त्याने कशाकडेच लक्ष दिलं नाही.

वळणावर ती म्हणाली, "आज ओड्वार यांचा सत्तरावा वाढदिवस आहे. फोन लावू?"

स्वेर्रेचा श्वास एकदम आत ओढला गेला.

आता, आमच्या किनाऱ्यावर 'हो' म्हणायला माणसं शब्द खर्ची घालत नाहीत. तोंड जरासं उघडून श्वास झटकन आत ओढला की त्याचा अर्थ 'हो'. परक्या माणसाला वाटतं, याला ठसका लागला. नव्या अपडेटमध्ये गाडीला हे शिकवलं होतं. सेहेचाळीसपैकी एकतिसाव्या पानावर ते लिहिलेलंही होतं.

"लावते," गाडी म्हणाली.

सोळा स्पीकरांतून घंटी वाजू लागली. स्वेर्रेने पडद्यावर दिसेल ते दाबलं. खुर्ची गरम झाली, पाठ चेपणं सुरू झालं, छताची काच सरकली, घंटी मात्र वाजतच राहिली. या गडबडीत ब्रेकवर जायचा पाय दुसऱ्याच पेडलवर गेला. कालची गाडी असती तर जरा पुढे सरकली असती. आजच्या गाडीने उडी घेतली. टायरवाल्याचं दुकान, दारातला टायरवाला आणि त्याने वर केलेला हात, तिन्ही एकाच वेळी मागे गेले. तिसऱ्या घंटीला फोन कसाबसा बंद झाला, तेव्हा गाडी थांबलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे होते. ती फेरीची रांग होती. मागे माशांचा एक मोठा ट्रक येऊन उभाही राहिला होता.

धक्क्यावर फेरीवर काम करणारा, पिवळ्या जाकिटातला स्टाइनार हात हलवत होता. चाळिशीचा हा गृहस्थ कधीकाळी स्वेर्रेच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

"स्टाइनार, मला जायचं नाहीये! मागे घ्यायचीय!"

"मागे मासे आहेत, सर. पुढेच या."

"अरे, पण मला पलीकडे काही काम नाही!"

"मग बसून या एक फेरी. या, या, लोक थांबलेत."

अशा रीतीने स्वेर्रे फेरीवर चढला आणि फेरीने धक्का सोडला.

नऊ वर्षं तो पलीकडे गेला नव्हता. पलीकडे ओड्वार राहत होता. ओड्वार हा त्याचा थोरला भाऊ. वडिलोपार्जित शेत आणि मेंढ्या त्याच्याकडे होत्या. पाण्याकाठी बोटघर होतं आणि त्यात वडिलांची वल्ह्याची नाव होती. ती दुरुस्त करायची असं स्वेर्रे वडिलांच्या हयातीत अकरा वर्षं म्हणत होता. त्यासाठी त्याने दोन पुस्तकं आणली होती, एक रंधा घेतला होता. आणि वडील गेले त्या वर्षी, जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या होळीत ओड्वारने ती नाव खुशाल जाळून टाकली. सगळं गाव शेकोटीभोवती सॉसेज भाजत उभं होतं. स्वेर्रे पोचला तेव्हा नावेचं नाकच तेवढं शिल्लक होतं. "सडली होती," ओड्वार एवढंच म्हणाला. त्यावर स्वेर्रे सगळ्यांदेखत जे बोलला ते मुख्याध्यापकाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. तेव्हापासून दोघं वाट बघत होते. आधी बोलेल तो हरला, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण दोघांना पाठ होतं.

"एक संदेश आहे," गाडी आनंदाने म्हणाली. "ओड्वार विचारतात, कोण गेलं?"

स्वेर्रेने डोळे मिटले. खरंच की. नऊ वर्षांनी या घरातून त्या घरात फोन गेला, तर दुसरा अर्थ काय काढणार?

"तुम्ही गाडी चालवत असल्यामुळे मी उत्तर पाठवलं आहे," ती पुढे म्हणाली. "मी गाडी चालवत आहे. अकरा चाळीसला पोचेन."

"कुठे पोचेन?"

"ओड्वार यांच्या घरी. तुम्ही त्यांना फोन केलात आणि फेरीवर चढलात. मी अंदाज बांधला."

स्टाइनार चाकांना लाकडी ठोकळे लावायला वाकला होता. छत उघडंच होतं. तो सरळ झाला आणि त्याने टोपी काढली. "सर, कोण गेलं हो?"

"कुणी नाही गेलं!"

"तुम्ही त्या बाजूला चाललात म्हणजे काहीतरी झालंच असणार."

तेवढ्यात गुनवोरचा फोन आला आणि तो गाडीने न विचारता उचललासुद्धा.

"स्वेर्रे! जिवंत आहेस का?" सोळा स्पीकरांतून गुनवोर ओरडली. "गाडीनं मला आपणहून नकाशा पाठवलाय, तू फ्योर्डच्या मधोमध पाण्यात दिसतोयस! आमच्याकडे सगळी मंडळी रडायला लागलीत!"

"फेरीवर आहे मी, गुनवोर."

"फेरीवर? टायर बदलायला?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. स्टाइनारने ऐकू येत नसल्याचा चेहरा करून सगळं ऐकलं. त्याचं सांगून झालं. स्वेर्रेला वाटलं, आता ती हसेल. पण ती हसली नाही.

"रिकाम्या हातानं जाऊ नकोस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"मी जाणारच नाहीये," स्वेर्रे बंद झालेल्या फोनला म्हणाला. त्याचा बेत तयार होता. पलीकडे उतरायचं, तिथल्या तिथे वळायचं, परतीच्या रांगेत लागायचं. गाडी काय वाटेल ते लिहील. गाडीचा शब्द म्हणजे काही माणसाचा शब्द नव्हे.

"एक संदेश आहे," गाडी म्हणाली. "ये. वाफल होताहेत."

स्वेर्रेने मान वळवली. बाहेर पाणी शिशासारखं जड दिसत होतं आणि पलीकडच्या डोंगरावर निम्म्यापर्यंत बर्फ होता.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

"ये. वाफल होताहेत."

राजधानीतली कुणी न पाहिलेली बाई त्याच्या भावाचे तीन शब्द वाचत होती, दुकानात सवलत जाहीर करावी तशा सुरात. स्वेर्रेने ते आणखी दोनदा वाचून घेतले. मग तो उतरून वर गेला आणि फेरीवर मिळतात ती जाड, गोड, लोणी लावलेली धिरडी त्याने डझनभर बांधून घेतली. गोड वाफल भाजत असलेल्या घरी धिरडी न्यायची म्हणजे समुद्रावर मीठ न्यायचं, हे त्याला कळत होतं. पण फेरीवर दुसरं काही विकायला नव्हतं.

पलीकडे उतरल्यावर डावीकडे परतीची रांग होती. ती अगदी मोकळी होती. स्वेर्रे उजवीकडे वळला.

ओड्वारच्या अंगणात वाढदिवसाचा झेंडा चढवलेला होता. गाडीचा आवाज येत नसल्याने स्वेर्रे आल्याचं कुणाला कळलं नाही. तो कागदी पिशवी घेऊन उभा राहिला, तेव्हा मेंढ्यांच्या गोठ्यातून ओड्वार बाहेर आला. बाह्या कोपरापर्यंत वर, हात रक्ताने आणि चिकाने माखलेले. मेंढ्या व्यायचे दिवस होते. तो जागीच थांबला.

"कोण गेलं?" ओड्वारने विचारलं.

"कुणी नाही. तूच म्हणालास ना, ये म्हणून."

"मी?"

"वाफल होताहेत म्हणून लिहिलंस."

"मी पहाटेपासून गोठ्यात आहे. तिळं झालंय एकीला. माझा फोन स्वयंपाकघरात असतो."

दोघांनी एकदमच घराकडे बघितलं. पायऱ्यांवर ओड्वारची बायको तोरुन उभी होती. तिच्या एका हातात पिठाचा डाव होता आणि चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मीच. आधी विचारलं कोण गेलं, कारण मलाही तेच वाटलं. मग म्हटलं, येतोय तर येऊ दे. नऊ वर्षं मी वाट बघितली, दोघांपैकी एकाला कधीतरी अक्कल येईल. हात धू रे, ओड्वार."

ओड्वार हलला नाही. तो काहीतरी हिशोब मांडत होता. "म्हणजे फोन तू केलास," तो स्वेर्रेला म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं. नव्हे, आता तेच शोभलं असतं. पण स्वेर्रे म्हणाला, "गाडीनं केला. मी बंद करत होतो."

"आणि बोलावलं तोरुननं."

"हो."

"म्हणजे आपल्यापैकी आधी कुणीच बोललं नाही."

"नाही."

"बरं झालं," ओड्वार म्हणाला आणि त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "मग आत ये."

तोरुनने डोळे आभाळाकडे लावले.

स्वयंपाकघरात वाफल होते, जॅम होता, आणि आता बारा धिरडीही होती. तिघांनी खाल्लं. दुसऱ्या कपाच्या कॉफीवर स्वेर्रे म्हणाला, "सडली होती, ते मला दिसत होतं. पण विचारायचं तरी."

ओड्वारने कप फिरवला. पुन्हा फिरवला.

"सांगून टाक आता," तोरुन म्हणाली.

"बाबांनीच सांगितलं होतं जाळायला."

"काय?"

"दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, स्वेर्रे ती दुरुस्त करायला बसेल. तो हुशार आहे, पण त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही. दुरुस्त करून पाण्यात नेईल आणि बुडेल. तेव्हा मी गेलो की जाळ, आणि त्याला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला."

स्वेर्रेच्या तोंडातलं धिरडं तसंच राहिलं. नऊ वर्षं ज्या माणसाला तो मनातल्या मनात शिव्या देत आला, त्याने नऊ वर्षं त्या गिळल्या होत्या. एक वाक्य बोलून तो मोकळा झाला असता. बोलला नव्हता.

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"वाईट वाटलं असतं तुला," ओड्वार म्हणाला.

स्वेर्रेने खिडकीबाहेर बघून घेतलं. बघायला बराच वेळ लागला. मग त्याला राग आला.

"पण हे साफ चूक आहे! मला खिळा सरळ ठोकता येतो!"

"असेल."

"असेल म्हणजे? दाखवू? तुझ्या दारातली दुसरी पायरी हलतेय, येताना बघितलं मी. हातोडा आण!"

"अरे, राहू दे, स्वेर्रे."

"आण म्हणतो ना!"

ओड्वारने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान हलवली. त्याने हातोडा आणला.

दुपारी गुनवोरने न राहवून फोन केला, तेव्हा स्वेर्रे पायरीवर बसला होता. तोरुन त्याच्या डाव्या अंगठ्याला तिसरी पट्टी गुंडाळत होती आणि ओड्वार पाठमोरा उभा राहून डोंगर न्याहाळत होता. त्याचे खांदे गदगदा हलत होते.

"काय झालं रे? बोललात का दोघं?" गुनवोरने विचारलं.

"बोललो."

"मग? नावेचं काय निघालं?"

स्वेर्रेने अंगठा उजेडात धरून पाहिला.

"बाबांचं बरोबर होतं," तो म्हणाला.