आधी पाय!

दिनांक २ मार्च १९५९. सायंकाळी सव्वापाच वाजता नगरपालिकेने आमच्या बोळाच्या टोकाला बागेचे नवे फाटक उघडले, आणि बाबूभाई तांबोळी यांच्या घरातून चालणारी शिरूरच्या जुन्या पेठेची रहदारी बंद झाली.

रहदारी हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. आमच्या घरांच्या पाठी त्या विस्तीर्ण बागेला लागून होत्या. परंतु बागेकडे उघडणारे दार एकट्या बाबूभाईंना. बाजारपेठेचा वळसा टाळण्यासाठी सारी पेठ त्यांच्या ओसरीतून शिरे आणि परसदाराने चिंचांखाली उतरे.

बाबूभाई विधुर, घरात दुसरे कोणी नाही. मधल्या खोलीत अडकित्ता घेऊन बसत. पुढ्यात पाय पुसायला ओले गोणपाट. येणाऱ्याला रामराम नाही, एकच आज्ञा. "आधी पाय!"

मग चौकशी. "सून आली का माहेरास्नं? आन् ही अंगठा तुटलेली चप्पल किती दिस फरफटणार?" उत्तर मिळाल्याखेरीज परसदाराची कडी निघत नसे.

तक्रार मात्र अखंड. "घर हाय का एस्टी स्टँड?" हे त्यांनी नगरपालिकेत इतक्यांदा ऐकवले, की अखेर अध्यक्ष स्वतः पाहणीस आले. बाबूभाईंनी त्यांना उंबऱ्यावर थोपवले.

"अध्यक्ष तुम्ही कचेरीत. हितं आधी पाय!"

अध्यक्षांनी पाय पुसले व फाटक मंजूर केले.

उद्घाटनाला बाबूभाईंनी विडे वाटले. मी शाळेतला मास्तर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुटलो बगा, मास्तर!"

पेठ नव्या फाटकातून बागेत गेली. मीही गेलो. दिवेलागणीला परतताना त्यांचे परसदार सताड उघडे दिसले. आत अडकित्त्याचा आवाज नव्हता. मी फाटकाकडे न जाता त्या दाराने आत शिरलो.

"का? फाटक घावलं न्हाई व्हय?"

"सवय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पावलांकडे पाहिले. "आधी पाय," ते हळूच म्हणाले.

चौकशी त्या दिवशी फार लांबली. माझ्या पत्नीचा खोकला, शाळेचे गळके छप्पर, थेट माझ्या सासुरवाडीची विहीर. मी सर्व उत्तरे दिली.

उठून परसदाराची कडी लावू लागलो.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. कुणी यायचं."

गोणपाट कोरडे पडले होते. मी रांजणातून तांब्याभर पाणी काढून त्यावर ओतले आणि घरी गेलो.