दर्याबाईसाहेबांनी घागरीनिशी नऊशे पायऱ्या सर केल्या ती हकीकत

श्रीगजवदन आणि गडावरील जगदंबा यांचे पायी मस्तक ठेवून, गुडघे कुरकुरत असता मांडी घालून, शके सोळाशे शहाण्णव, जयनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशीस लिहिले ऐसे जे: राज्याचे नाव कोणी पुसू नये, आम्ही सांगणार नाही. त्या राज्याचे यजमान वर्षाचे दहा महिने मुलुखगिरीवर, म्हणून कारभार धनीण श्रीमंत दर्याबाईसाहेब यांचे हाती, आणि कमरेस कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि दरारा ऐसा की त्यांचे हुकुमावाचून जोंधळ्याचा दाणा हालू नये. आणि घराण्याची चाल ऐसी की दसऱ्यास धनिणीने नऊशे पायऱ्या आपले पायी चढून देवीची ओटी भरावी. लागोपाठ दोन दसरे चढणे न घडले तर घरातील दुसरे बाईने चढून जावे आणि जुडगा तिचे कमरेस बांधावा, आणि थोरलीने देवघराचे कोपऱ्यात जपमाळ ओढावी. मग बाईसाहेबांस बावन्नावे वर्ष लागले आणि महिन्याचा ऋतु बंद जाहला. बाईसाहेब म्हणाल्या, "बरे झाले, एक कटकट गेली." परंतु एक गेली आणि मागून सारी फौज आली. पौषाचे थंडीत अंगातून वाफा निघाव्या आणि दासीने पंखा वारावा, आणि मेदाने कमरेभोवती ऐसे मोर्चे बांधिले की शिंप्याने एका वर्षात चोळ्या तीनदा उसवून वाढविल्या. मग दसरा आला. संवत्सराचे नाव विजय आणि जाहली शिकस्त: बाईसाहेब तीनशे अकरावे पायरीस बसल्या त्या उठल्याच नाहीत, पालखी बोलवावी लागली. तेव्हा धाकट्या जाऊ चिमाबाईसाहेब, वय वर्षे तीस, जुडग्याकडे पाहून गोड बोलल्या, "जाऊबाई, वय झालं आता. पुढल्या साली दगदग नको, किल्ल्या मी सांभाळीन." हे शब्द बाईसाहेबांस फार लागले.

मग बाईसाहेबांनी मेदावर स्वारी करण्याचा निश्चय केला आणि शस्त्र निवडले ते उपासाचे. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी आणि एकादशी होत्याच. आणि उपास म्हणजे काय, तर साबुदाण्याचे खिचडीवर तुपाची धार, आणि रताळ्याचा कीस, आणि शेंगदाण्याचे लाडू, आणि उपासाने थकवा येतो म्हणून वर शिंगाड्याचा शिरा. एक वाटी आम्हां कारकुनाकडेही पोहोचत असे, म्हणून आम्हीही ब्र काढिला नाही, ही आमची चूक कबूल. माघ अखेरीस पालखीचे भोई आठ होते ते दहा जाहले. ते ऐकून बाईसाहेब मागले चौकात एकट्या बसून रडल्या. तेथे बायजा कोळीण पाणी ओतीत होती. ही पंचावन्न वर्षांची बाई खालचे टाक्यापासून दीडशे पायऱ्या रोज दहा खेपा करी. ती घागर उतरून म्हणाली, "बाईसाहेब, राग मानू नगा, पन एकादशी अन् दुप्पट खाशी असं चाललंय तुमचं. साबुदान्यानं कुनी बारीक झालंय व्हय?"

बाईसाहेबांस प्रथम राग आला, आणि मग हसू आले, आणि मग पुन्हा डोळे भरले. म्हणाल्या, "बायजे, मला कोपऱ्यात बसायचं नाही गं. काय करू सांग." बायजा म्हणाली, "पोटाला भाकरी, उसळ, पालेभाजी खावा, ताक प्या. शिरा बंद. अन् माझ्यासंगं पान्याला चला." बाईसाहेबांनी पुसिले, "तुझंही सरलंच ना सगळं? तुला वाफा नाहीत येत?" "येत्यात की. पन घागर थोडीच म्हनती, आज वाफा आल्यात तर ऱ्हाऊ दे?"

मग फाल्गुनापासून स्वारी निघाली. पहिले दिवशी तांब्या घेतला आणि सातदा टेकल्या, आणि गुडघ्यास लेप लाविला, आणि दुसरे दिवशी पुन्हा गेल्या. चैत्रात कळशी, ज्येष्ठात घागर. चिमाबाईसाहेब सज्जातून म्हणत, "धनीण पाणकी झाली," आणि दासी फिदीफिदी हसत. आणि आषाढात ऐसे जाहले की महिनाभर चोळी तसूभर सैल होईना. बाईसाहेब चिडून घागर खाली ठेवून म्हणाल्या, "झालं, माझ्यानं होत नाही." बायजा बोलली, "चोळी कशाला बघता? टाक्यापासनं वर येताना कितींदा टेकला?" बाईसाहेब विचार करून म्हणाल्या, "एकदाही नाही." आणि घागर पुन्हा डोईवर घेतली.

नवरात्राचे उपास बाईसाहेबांनी फक्त उठता-बसता केले, मधले दिवस नीट जेवल्या. आणि जयनाम संवत्सराचा दसरा उजाडला. चिमाबाईसाहेब नवा शालू नेसून तयार, कारण आज जुडगा घ्यावयाचा. बाईसाहेबांनी टाक्याची भरली घागर डोईवर घेतली, देवीस स्नान घालावे म्हणून, आणि चालू लागल्या. आम्ही दौत-कलम घेऊन मागे. तीनशे अकरावी पायरी आली तेव्हा मागून चढणारे आम्ही आणि चिमाबाईसाहेब माना उंचावून पाहू लागलो. बाईसाहेबांनी त्या पायरीकडे खाली पाहिलेदेखील नाही. चारशेवर आम्ही बसलो. आणि लाज वाटण्याचे कारण नाही, शेजारी चिमाबाईसाहेबही बसल्या, शालूचा बोळा करून धापा टाकीत. तेथून घागर वर वर जाताना दिसत होती आणि किल्ल्यांचा आवाज बारीक होत होत थांबला. मग वरून देवळाची घंटा वाजली आणि पायथ्याशी लोकांनी शिंगे फुंकली, आणि आमचे डोळ्यांस पाणी आले.

घटकाभराने किल्ल्यांचा आवाज खाली येऊ लागला. बाईसाहेबांनी घागरीत उरलेले पाणी चिमाबाईसाहेबांचे ओंजळीत ओतिले. त्यांनी ते सारे पिऊन मान खाली घातली. बाईसाहेब म्हणाल्या, "चिमे, उद्या पहाटे टाक्यावर ये. आधी तांब्या घे." पायथ्याशी उतरून बायजेस सोन्याचे कडे देऊ केले, तर ती म्हणाली, "कडं ठिवा बाजूला. उद्याच्या माझ्या धा खेपांतली एक कोन करनार, त्ये सांगा." बाईसाहेब म्हणाल्या, "मी."

एकूण वर्तमान ऐसे की कंबर पूर्वीसारखी जाहली नाही, वाफाही येतात, परंतु पालखीचे भोई रिकामे जाहले ते शेतीस लागले, आणि जुडगा होता तेथेच आहे. लिहिणारासही उद्यापासून तांब्याची आज्ञा जाहली आहे, सबब कलम येथेच ठेवितो.