मागे बसणाऱ्यांसाठी सूचना

आमच्या ह्यांनी लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली यात माझा काही दोष नाही. माझा दोष एवढाच, की त्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये ह्यांच्याऐवजी मी शिरले.

झालं असं. मोटारसायकल जुनीच, एका दातांच्या डॉक्टरांकडून घेतलेली. डॉक्टर म्हणाले, "आमचा एक ग्रुप आहे. अडीअडचणीला फार उपयोगी पडतो. नंबर द्या." ह्यांना फोन वाजलेला खपत नाही. त्यांनी सरळ माझा नंबर दिला आणि घरी येऊन सांगितलं, "काही येईल ते वाचू नकोस. आवाज बंद करून ठेव."

मी आवाज बंद केला नाही. माणसं एवढ्या आपुलकीने सांगतायत, आपण कान बंद करून बसायचं? (शाळेतही बाई काय सांगतात ते संपूर्ण वर्गात मी एकटीच लिहून घेत असे. तेव्हाही त्याचा काही फायदा झाला नव्हता.)

आणि मला त्या मोटारसायकलमध्ये रस होता. ह्यांनी ती दारात उभी केली त्या दिवशी एक वाक्य उच्चारलं होतं. म्हणाले, "ताईंकडे जाऊ या हिच्यावर. आपण दोघंच." माझी ताई डोंगरातल्या गावात राहते, वर्षानुवर्षं बोलावतेय. पण मला ताई ऐकूच आली नाही, "आपण दोघंच" तेवढं ऐकू आलं. लग्न झाल्यापासून आम्ही जिथे जिथे गेलो तिथे सासूबाई होत्या, नाहीतर मुलगा होता, नाहीतर कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं होतं. आता मुलगा नोकरीला परगावी गेला होता आणि सासूबाई दोन दिवस एकट्या राहायला तयार होत्या. म्हणजे तशा म्हणाल्या होत्या.

मी ठरवलं, ही सहल बिघडू द्यायची नाही. आणि ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला: "पहिल्यांदाच जोडीने लांब जातोय. सोबत काय काय घ्यावं? मागे मी बसणार. गुडघे आणि कंबर जरा कुरकुर करतात."

संध्याकाळपर्यंत फोन इस्त्रीसारखा तापला.

पंक्चरचा संच घ्या. नुसता संच काय कामाचा, हवेचा पंप घ्या. पंप बिघडला तर? जादा ट्यूब घ्या. क्लचची केबल हमखास तुटते, दुसरी केबल जुनीच्या शेजारी आधीच ओवून ठेवा. साखळीला तेल. तेलाआधी साखळी घासायला जुना टूथब्रश. बल्ब, फ्यूज, प्लग, तार, चिकटपट्टी, दोरी. पावसाचे कपडे. थंडी वाजली तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र. एक काका होते, ते टायरमधल्या हवेशिवाय कशावरच बोलत नसत. मी मनात त्यांना हवावाले काका म्हणायचे. त्यांनी लिहिलं, "वहिनी, या वयात हौस आहे, कौतुक वाटतं. गुडघ्यांना जपा." (या वयात म्हणजे कोणत्या, असं मी विचारायला हवं होतं. मी "धन्यवाद काका" लिहिलं.)

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. त्यामुळे शिवण्यासारखं होतं ते सगळं शिवून काढलं. मागच्या सीटला जाड गादी शिवली. माझ्यासाठी जॅकेट शिवलं, कोपरांना आणि पाठीला स्पंज घालून. गुडघ्यांना बांधायला दोन उशा. बाकीचं विकत आणलं. मोटारसायकलला कडेला दोन आणि मागे एक अशा कुलपाच्या पत्र्याच्या पेट्या होत्या. त्या भरल्या. मग सीटवर ठेवायची एक बॅग भरली.

सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही बहिणीकडे चाललाय की तिथेच दुकान टाकताय?"

"आई, रस्त्यात काही झालं तर?"

"रस्त्यात माणसं नसतात का?"

हे म्हणाले, "मी पाण्याची बाटली आणि एक टॉवेल घेणार होतो."

मी दोघांकडे दुर्लक्ष केलं. अनुभवी माणसांपुढे घरच्यांचं काय ऐकायचं?

पेट्यांच्या किल्लीबद्दल ग्रुपवर फार मोलाची सूचना होती. पेट्यांची किल्ली चालवणाऱ्याकडे कधीच देऊ नये. तो ती पेटीतच ठेवतो आणि वरून कुलूप दाबतो. किल्ली मागे बसणाऱ्याने अंगावर बाळगावी. दुसरी किल्ली डॉक्टरांनीच कधीतरी हरवली होती, त्यामुळे होती ती एकच. मी जॅकेटच्या आतून छोटा खिसा शिवला, किल्ली आत सरकवली आणि वरून बटण लावलं. इतका सुरेख खिसा झाला होता, की बाहेरून कुणाला शंका येऊ नये.

खुणाही शिकले. चालत्या गाडीवरून बोलता येत नाही, म्हणून ही माणसं हाताने बोलतात. पायाने रस्त्याकडे दाखवलं की खड्डा. मूठ वर केली की थांबा. पेटीवर थाप मारली की सामान जागेवर आहे. मनगट हवेत पिळलं की वेग वाढवा, पुढे चला. मी हे भांडी घासताना पाठ केलं. ह्यांना शिकवायला गेले तर म्हणाले, "तू मागे बसणार, मी पुढे. मी हात सोडून तुझ्याशी बोलत बसू का?" आणि पेपर उघडला.

निघायच्या आदल्या दिवशी हवावाल्या काकांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही दोघं आणि सामान मिळून वजन किती होतंय? गाडीच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असते. त्यापलीकडे गेलात तर टायरची खात्री मी देणार नाही."

मी शेजारून वजनकाटा आणला. एकेक पेटी ठेवली, बॅग ठेवली, हे उभे राहिले, मी उभी राहिले. बेरीज केली. पुन्हा केली. वजन जास्त भरत होतं, आणि नेमकं माझ्याएवढंच.

"सामान काढ की," हे म्हणाले.

मी काढायला बसले. पंप काढला, तर ज्यांनी पंप सांगितला होता त्यांची वाळवंटातली गोष्ट आठवली. ट्यूब काढली, तर पुलावर अडकलेल्या जोडप्याचा फोटो डोळ्यांपुढे आला. दोरी काढली आणि दरी दिसली. प्रत्येक वस्तूमागे कुणाचा तरी अनुभव होता. माझ्यामागे काहीच नव्हतं. शेवटी सगळं परत पेट्यांत गेलं आणि मी जमिनीवर बसून राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "बस जाते की तिथे."

मी अगदी बारीक आवाजात म्हटलं, "मग मी बसनेच येते. तुम्ही या सामान घेऊन."

मी हे वाक्य का बोलले, ते कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. त्यावर समोरच्याने "छे, काहीतरीच काय" म्हणायचं असतं.

हे म्हणाले, "बरं."

थोड्या वेळाने आणखी म्हणाले, "तुला भीती वाटतेय हे मला कळलंच होतं." आणि समजूतदारपणे माझ्या पाठीवर थोपटलं. नेमकं स्पंजावर.

सासूबाईंनी तेवढ्यात आपली पिशवी बाहेर काढली होती. बसच असेल तर त्या कशाला एकट्या राहतील? तर "आपण दोघंच" होतं ते "आपण दोघीच" झालं.

सकाळी हे पुढे निघाले. माझ्या गादीवर बॅग आरामात बसली होती, तिला नीट पट्ट्यांनी बांधलं होतं. मी आणि सासूबाई बसमध्ये चढलो. जॅकेट ठेवायला कुठे जागाच उरली नव्हती, म्हणून मी ते अंगावर घातलं होतं, आणि गुडघ्यांच्या उशाही.

"बसमध्ये गुडघ्याला उशा बांधून बसलेली बाई मी पहिल्यांदाच बघतेय," सासूबाई म्हणाल्या.

"कंबरेला आराम पडतो, आई."

"गुडघ्याला बांधून कंबरेला?"

"आज निघालो" एवढं मी ग्रुपवर लिहिलं होतं. त्यावर शुभेच्छांचा असा पाऊस पडला की घाट सुरू होईपर्यंत फोनची बॅटरी संपली. मी म्हटलं, संपू दे. मला कोण फोन करणार?

घाटात एका वळणावर सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. (स्पंज होता म्हणून वाचले.) "अगं, तो बघ माझा मुलगा."

रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी होती आणि शेजारी हे. त्यांनी मला बसमध्ये पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवायला लागले. लग्नात हार घालतानासुद्धा त्यांच्या अंगात एवढा उत्साह नव्हता. मग त्यांनी पेटीवर थाप मारली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग मनगट हवेत पिळलं.

माझे डोळे भरून आले. म्हणजे मी भांडी घासताना बडबडत होते ते ह्यांनी पेपराआडून सगळं ऐकलं होतं.

बस वळणावर हळू झाली होती. कंडक्टरने विचारलं, "बाई, तुमचे कोणी आहेत का? थांबवू?"

"नको, नको," मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे म्हणतायत. सामान जागेवर आहे आणि तुम्ही पुढे चला, असं."

"एवढं सगळं म्हणाले?"

"हो. त्यांची भाषा आहे ती."

मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मनगट पिळून उत्तर दिलं. हे बसमागे थोडं धावलेसुद्धा. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती आनंदात आहे बघ. लहानपणी असाच पळायचा."

ताईच्या घरी पोचलो. ताईने आमच्या मागे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघंच येणार होतात ना?"

"येताहेत ते मागून," मी म्हटलं. तासाभरात येतील म्हणून चहाचं आधण ठेवलं. ते आटलं, परत ठेवलं. फोन चार्ज करायचा, तर चार्जर मोटारसायकलच्या पेटीत, आणि ताईच्या चार्जरची पिन माझ्या फोनला बसेना. ताईच्या फोनवरून ह्यांना लावला, तर घाटात रेंज नाही. उन्हं उतरली. एकेक अनुभव आठवायला लागला, पूल, वाळवंट, दरी. मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. आता देवाने ह्यांना एकदा समोर आणावं, मी जन्मभर बसने फिरेन, असं मनात म्हटलं. (असलं काही मनात म्हणताना जरा विचार करायला हवा.)

अंधार पडायच्या आत एक टेम्पो आला. टेम्पोत कोबी होता. कोबीत मोटारसायकल आडवी होती आणि तिच्याजवळ हे बसले होते. केसात कोबीचं एक पान.

खाली उतरून ते माझ्यासमोर आले. मग शांतपणे म्हणाले, "चाक पंक्चर झालं होतं."

"अहो, मग संच होता ना आपल्याकडे. पंपही होता. ट्यूबसुद्धा."

"होतं सगळं. पेटीत होतं."

"मग?"

"तीन माणसं मदतीला थांबली. प्रत्येकाने विचारलं, हत्यारं आहेत का? मी म्हटलं, आहेत, सगळी आहेत. म्हणाले, मग उघडा की पेटी. मग मी गप्प. मग ते गेले." त्यांनी पान केसातून काढलं. "घाटात मी तुला काय सांगत होतो, असं तुला वाटलं?"

माझा हात आपोआप जॅकेटच्या आतल्या खिशाकडे गेला होता. बटण निघता निघेना, इतकं मी ते पक्कं शिवलं होतं.

ह्यांनी पेटीवर थाप मारली आणि मनगट हवेत पिळलं. "किल्ली," म्हणाले. "किल्ली. किल्ली."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात पंक्चर निघालं. दुकानदाराने आमच्या पेट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी ठरवलं, पुरे झालं. परतताना पेट्या सोडवायच्या, बॅगेसकट बसच्या टपावर टाकायच्या, सासूबाईंबरोबर पाठवायच्या. मागे मी बसणार, हातात पाण्याची बाटली आणि टॉवेल. हेही हो म्हणाले. मनापासून म्हणाले, मला आवाजावरून कळलं.

निघायच्या सकाळी सासूबाई पायरीवर बसून राहिल्या. "त्या घाटात मला गाडी लागते. येताना बोलले नाही, तू आनंदात होतीस. मी बसमध्ये पाय ठेवणार नाही. इथेच मरेन."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. ताईने लिंबू दिलं. उपयोग झाला नाही. सासूबाई मुठीएवढ्या आहेत, वजनाचा प्रश्नच नव्हता. हे एकदा आईकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. शेवटी मीच म्हटलं, "आईंना बसवा. सामानाबरोबर कुणीतरी हवंच."

या वेळी मी थांबून वाट पाहिली. "छे, काहीतरीच काय" यायला मी पुरेसा वेळ दिला.

हे म्हणाले, "सामान तूच नीट सांभाळतेस."

वारा लागेल म्हणून माझं जॅकेट सासूबाईंना घातलं. गुडघ्यांना उशा बांधल्या. माझ्या गादीवर त्या अशा बसल्या, जशी ती गादी त्यांच्याच मापाने शिवली होती. हेल्मेटची काच वर करून हसल्या, आणि मला भरून आलं म्हणून (की दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून) मी त्या दोघांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. "परतीचा प्रवास, जोडीने" असं खाली लिहिलं.

टपावर जागा नव्हती. बसमध्ये मी एक पेटी मांडीवर, दोन पायांशी आणि बॅग शेजारी घेऊन बसले आणि फोन उघडला. अंगठे आणि टाळ्या येत होत्या. हवावाल्या काकांनी लिहिलं होतं, "वहिनी, डोळ्यांपुढे आणल्या होत्या तश्शाच दिसता. साहेब वयाच्या मानाने तरुण दिसतात."

मी घाईघाईने "त्या मी नव्हे" लिहायला घेतलं, आणि "त्या मी" एवढ्यावरच अंगठा पाठवायच्या बटणावर पडला आणि बॅटरी संपली. माझा चार्जर मांडीवरच्या पेटीत होता, आणि किल्ली जॅकेटच्या आतल्या खिशात, सासूबाईंच्या अंगावर, पुढे घाट उतरत होती.

घरी पोचून चार्जर लावेपर्यंत उशीर झाला होता. माझं "त्या मी" तेवढंच ग्रुपवर जाऊन पडलं होतं, त्याला सगळ्यांनी हार घातले होते, आणि फोटो ग्रुपच्या दर्शनी भागावर लावला होता.